चढाच्या रस्त्यासाठी रोड बाईकचे गिअर कसे निवडावेत? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर तर सपाट. इथं घाटाच्या गिअरचा विचार कशाला?

शहराभोवती पन्नास किलोमीटरचा फेरा मारला तरी मोठा चढ म्हणजे उड्डाणपूल, हे खरंच. अक्कलकोट, पंढरपूर, विजापूर, कुठलाही रस्ता धरा, पुढचं मोठं चक्र सोडायची गरज क्वचितच पडते. पण सायकल अंगवळणी पडली की सहा महिन्यांत माणूस तुळजापूर करतो, मग येडशीचा घाट. आणि मग पुण्यातला कुणीतरी मित्र फोन करतो, "ये की, रविवारी सिंहगड मारू." दुकानातून आली तशीच सायकल घेऊन माणूस जातो, तिसऱ्या किलोमीटरला उतरतो आणि स्वतःच्या पायांना दोष देत परत येतो. दोष बहुतेक वेळा पायांचा नसतो, गिअरचा असतो.

तुळजापूरचा घाट यात फसवतो. तुळजापूर सोलापूरपेक्षा जवळपास दोनशे मीटरनं उंच आहे, पण ती उंची पंचेचाळीस किलोमीटरवर पसरलेली. शेवटी लागणारा खरा घाट छोटा, त्यामुळे जड गिअरवरही दात-ओठ खात तो निघून जातो. "तुळजापूर चढलो म्हणजे गिअर पुरेसे आहेत" असा हिशोब कुणी करत असेल तर तो तिथंच थांबवावा. दहा मिनिटं रेटून नेता येतं, एक तास नाही.

५०/३४, ११-२८ हे आकडे काय सांगतात?

चक्रावरचे दाते. ५०/३४ म्हणजे पायडलजवळच्या दोन चक्रांपैकी मोठ्याला ५० आणि लहानाला ३४ दाते. ११-२८ म्हणजे मागच्या कॅसेटचं (मागच्या चाकावरच्या चक्रांच्या संचाचं) सर्वांत लहान चक्र ११ दात्यांचं, सर्वांत मोठं २८ चं. पुढचे दाते भागिले मागचे दाते केलं की पायडलच्या एका फेरीत मागचं चाक किती वेळा फिरतं ते कळतं. चढासाठी हा भागाकार जितका लहान तितकं बरं. ३४ ला २८ नं भागलं की १.२१, ३४ ला ३४ नं भागलं की बरोबर १.

पुढच्या बाजूला नेहमी दिसणाऱ्या जोड्या म्हणजे ५३/३९, ५२/३६ आणि ५०/३४. अलीकडे ४८/३२ किंवा ४६/३० अशा लहान जोड्याही मिळतात. जुन्या सायकलींवर ५०/३९/३० अशी तीन चक्रंही सापडतात. त्यांना कुणी हसत असेल तर हसू द्या, ३० चं चक्र घाटात सोन्यासारखं.

मग मला नक्की किती हलका गिअर लागेल?

या पानावरचा मुख्य प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर. लोक शेजाऱ्याच्या सायकलकडे बघून ठरवतात. तसं करू नका, उलट्या बाजूनं या. आधी तुमचा दम किती ते बघा, त्या दमावर चढात वेग किती पडेल ते काढा आणि त्या वेगाला पाय बऱ्या गतीनं फिरतील असा गिअर निवडा.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. स्वार ७२ किलोचा. सायकल, दोन बाटल्या आणि बारीकसारीक सामान धरून १० किलो. एकूण ८२. हा माणूस तासभर १५० वॅट सलग देऊ शकतो असं धरू. नियमित चालवणाऱ्या हौशी माणसाला ते जमतं. सात टक्के चढावर गुरुत्वाकर्षण त्याला सुमारे ५६ न्यूटननं मागं ओढतं, टायरचं घर्षण आणखी चारेक न्यूटन. चेनमध्ये थोडी ताकद जाते, ती वजा केली की वेग पडतो ताशी साडेआठ किलोमीटर. वेग त्याच्या दमानं ठरला. आता गिअरनं फक्त एवढंच ठरायचं की त्या वेगाला पाय किती फिरणार.

चाकाचा घेर २.१ मीटर धरला तर:

३९/२५ वर मिनिटाला ४३ फेऱ्या
३६/२८ वर ५२
३४/२८ वर ५५-५६
३४/३२ वर ६३-६४
३४/३४ वर ६७-६८

त्रेचाळीस फेऱ्यांवर तासभर चढणं म्हणजे प्रत्येक फेरीला जिना चढल्यासारखा जोर. गुडघे आणि मांड्या दमाच्या आधी संपतात. पंचावन्न चालवून घेता येतात. पासष्ट-सत्तरला मात्र माणूस श्वासावर चढतो आणि घाटात नेमकं तेच हवं असतं. माझा ठोकताळा असा: तुम्ही जाणार त्या लांब चढाच्या सरासरीला किमान ६५ आणि मधल्या तीव्र टप्प्याला किमान ५० फेऱ्या पडल्या पाहिजेत. त्याखाली जात असाल तर गिअर जड आहे.

याच माणसाला दहा टक्क्यांच्या तुकड्यावर ताशी सहाच्या किंचित वर वेग मिळेल. ३४/२८ वर तिथं चाळीस फेऱ्या, ३४/३४ वर एकोणपन्नास. म्हणजे ३४/३४ हा या माणसासाठी "म्हाताऱ्यांचा गिअर" नाही, जेमतेम पुरणारा गिअर आहे.

तुमचं वजन नव्वद किलो असेल किंवा दम १२० वॅटचा असेल तर आकडे आणखी खाली येतील. वॅट मोजायचं यंत्र नसेल तरी अडत नाही. कुठल्याही लांब चढावर बोलता येईल इतपत दमानं चढा, वेग बघा आणि मिनिटभर पायडलच्या फेऱ्या मोजा. हिशोब तुमच्या हातात आला.

कुठल्या घाटाला किती गिअर?

चढाचे टक्के म्हणजे शंभर मीटर पुढं गेल्यावर किती मीटर वर गेलो. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट बारा-तेरा किलोमीटरचा, पण सरासरी चार-पाच टक्के. वरचा १५० वॅटवाला तिथं ताशी बाराच्या आसपास जाईल आणि ३४/२८ वर त्याचे पाय ऐंशीच्या जवळ फिरतील. मजेत. पोलादपूरहून महाबळेश्वरला नेणारा आंबेनळी आणखी लांब, चाळीस किलोमीटरच्या आसपास आणि तेराशे मीटर चढाई, पण सरासरी सौम्य. तिथं गिअरपेक्षा पाणी आणि खाणं आधी संपतं.

सिंहगड वेगळा. पायथ्यापासून नऊएक किलोमीटर, सरासरी सहा-सात टक्के, आणि सरासरी हा शब्द इथं फार काही लपवतो. मधे दहाच्या वर जाणारे तुकडे आहेत, वळणाच्या आतल्या बाजूला तर जास्तच. नवख्या माणसानं सिंहगडला ३४/३२ च्या खाली उतरूच नये, म्हणजे याहून जड गिअर नेऊ नये. ३४/३४ असेल तर उत्तम.

चढ वाचताना सरासरीवर जाऊ नका. सर्वांत वाईट एक किलोमीटर शोधा आणि गिअर त्याच्यासाठी ठरवा.

मी सपाटीवर वाऱ्याच्या तोंडावर तासन् तास चालवतो. पाय मजबूत आहेत. तरी हलका गिअर हवाच?

हवाच. जून-जुलैत पश्चिमेचा वारा सुटला की पुणे रोडला मोहोळकडं जाताना दम निघतो, हे ज्यानं केलंय त्याला सांगायला नको. पण वाऱ्याविरुद्धचे १५० वॅट आणि चढावरचे १५० वॅट पायांना सारखे लागत नाहीत. सपाटीवर सायकल ताशी बावीस-पंचवीसनं धावत असते. तिच्यात साठलेला वेग पायडलला वरच्या आणि खालच्या मृत बिंदूतून, म्हणजे जिथं पायाचा जोर लागत नाही तिथून, ओढून नेतो. चढावर ताशी आठचा वेग, त्यात साठा कसला? पाय ढिला पडला की सायकल तिथल्या तिथं मंदावते. फेरीच्या प्रत्येक अंशाला जोर द्यावा लागतो. म्हणून वाऱ्यात साठ फेऱ्यांवर बिनधास्त चालवणारा माणूस घाटात साठ फेऱ्यांवर गळपटतो.

दुसरं, ऊन. ताशी आठला अंगाला वारा लागत नाही. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. त्या दिवसांत तुळजापूर घाटात जड गिअर रेटला की अंग तापतं आणि उतरायला वाट मिळत नाही. उन्हाळ्यात पहाटे निघून नऊच्या आत परत, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहेच.

मोठी कॅसेट लावली तर सपाटीवर गिअरमधलं अंतर वाढतं म्हणतात. खरं का?

खरं आहे. पण जेवढी ओरड होते तेवढं नाही. शिमानो या गिअर बनवणाऱ्या कंपनीची अकरा चक्रांची ११-२८ कॅसेट घेतली तर दाते असे: ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २३, २५, २८. ११-३२ मध्ये: ११, १२, १३, १४, १६, १८, २०, २२, २५, २८, ३२. ११-३४ मध्ये: ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४.

आता नीट बघा. पुढं ५० चं चक्र आणि पाय नव्वदच्या गतीला असतील तर मागच्या १७ वर वेग ताशी तेहतीस, १९ वर तीस. आपलं रोजचं चालवणं याच पट्ट्यात किंवा त्याच्या खाली. आणि १५-१७-१९-२१-२३-२५ हा पट्टा ११-२८ आणि ११-३४ मध्ये अगदी सारखाच आहे! मोठ्या कॅसेटनं तुमच्याकडून काय घेतलं? १२ आणि १४. पन्नासला बारा म्हणजे नव्वद फेऱ्यांना ताशी सत्तेचाळीस. मागून वारा असल्याशिवाय त्या चक्रावर तुम्ही शेवटचे कधी होता?

जे गटात वेगानं चालवतात, शर्यती खेळतात, त्यांना ही पोकळी जाणवते. त्यांनी ११-३० किंवा ११-३२ घ्यावी. बाकीच्यांनी ३४ लावावी आणि विषय संपवावा.

माझी सायकल ५२/३६ आणि ११-२८ वर आली आहे. आधी काय बदलू?

कॅसेट. सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत जास्त फरक पाडणारा बदल तोच. ३६/२८ वरून ३६/३४ वर आलात की गिअर जवळपास अठरा टक्क्यांनी हलका होतो. पुढचं ३६ काढून ३४ लावलं तर फक्त साडेपाच टक्के.

पुढचं बदलायचंच असेल तर दोन्ही चक्रं बदला. ५२ ठेवून आत ३४ लावायचा सल्ला मिळतो, पण तो घेऊ नका. दोहोंत १८ दात्यांचा फरक पडतो आणि रोड बाईकचे पुढचे डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) साधारण १६ पर्यंतच नीट काम करतात. चेन आत पडते, मग घाटात हात काळे. क्रँक म्हणजे पायडलचे दांडे आणि पुढची चक्रं धरणारा भाग, आणि त्याचं मिलिमीटरमधलं माप म्हणजे चक्रांचे बोल्ट बसतात त्या वर्तुळाचा व्यास. शिमानोच्या चार हातांच्या ११० मिलिमीटर क्रँकवर ५०/३४ बसतं, पूर्ण क्रँक बदलावी लागत नाही. जुन्या ५३/३९ च्या १३० मिलिमीटर क्रँकवर मात्र आतलं चक्र ३८ च्या खाली जात नाही. तिथं क्रँकच बदलायची किंवा मागून भरपाई करायची.

३४ ची कॅसेट माझ्या मागच्या डिरेलरला चालेल का?

दोन गोष्टी बघायच्या. पहिली, डिरेलर जास्तीत जास्त किती दात्यांचं चक्र घेतो. उदाहरणार्थ शिमानो १०५ च्या आर ७००० मालिकेत आखूड पिंजऱ्याचा डिरेलर ३० पर्यंत, मध्यम पिंजऱ्याचा ३४ पर्यंत. पिंजरा म्हणजे खाली लोंबणारा, दोन छोट्या चाकांचा भाग. डिरेलरच्या आतल्या बाजूला एसएस किंवा जीएस अशी अक्षरं कोरलेली असतात, सायकल उलटी करून टॉर्च मारा, दिसतील. एसएस आखूड, जीएस त्याहून लांब.

दुसरी, एकूण क्षमता. पुढच्या दोन चक्रांतला फरक अधिक मागच्या दोन टोकांतला फरक. ५०/३४ आणि ११-३४ चा हिशोब: १६ अधिक २३, म्हणजे ३९. आर ७००० च्या मध्यम पिंजऱ्याची क्षमता नेमकी ३९ च आहे.

नव्या बारा चक्रांच्या १०५ मध्ये ११-३४ आणि ११-३६ अशाच कॅसेट येतात, म्हणजे कंपनीनंच आपला प्रश्न सोडवला. शिमानोचीच टिआग्रा ४७०० मालिका असेल तर एक सावधगिरी: ती दहा चक्रांची असली तरी तिची केबल ओढण्याची मापं जुन्या दहा चक्रांच्या डिरेलरशी जुळत नाहीत. जुना डिरेलर स्वस्तात मिळतोय म्हणून लावला तर गिअर कधीच बसणार नाहीत.

कॅसेट बदलताना दुकानात काय चुकतं?

चेन. मोठी कॅसेट लावून जुनीच चेन ठेवली तर ती बहुतेक वेळा आखूड पडते. दुकानातच सायकल स्टँडवर घेऊन पुढं मोठं आणि मागं मोठं चक्र लावून बघायला सांगा, हळूच, हातानं पायडल फिरवत. चेन तारेसारखी ताणली आणि डिरेलर पूर्ण पुढं खेचला गेला तर चेन आखूड. रस्त्यावर चुकून ही जोडी पडली तर डिरेलर किंवा त्याचा हँगर (डिरेलर ज्यावर लटकतो तो फ्रेमचा तुकडा) मोडतो.

मग बी-स्क्रू. डिरेलरच्या मागं असलेला हा छोटा स्क्रू वरच्या चाकाला कॅसेटपासून दूर ठेवतो. ३४ लावून तो तसाच ठेवला तर हलक्या गिअरवर घरघर ऐकू येते. दोन-तीन फेरे आत घेतला की थांबते.

शिमानोच्या अकरा चक्रांच्या ११-३४ कॅसेटची आणखी एक खोड आहे. ती जुन्या आठ-नऊ-दहा चक्रांच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) बसेल अशी बनवली आहे. अकरा चक्रांच्या रोड हबवर ती लावताना मागं १.८५ मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे पातळ कडी, घालावी लागते. ती विसरली तर लॉकरिंग (कॅसेट जागेवर धरणारी कडी) घट्ट करूनही कॅसेट हबवर खुळखुळते.

माझी साधी सात गिअरची, फ्रीव्हीलवाली सायकल आहे. तिला काही करता येईल?

येईल. कॅसेटऐवजी आट्यांनी बसणाऱ्या मागच्या चक्रांच्या संचात, म्हणजे फ्रीव्हीलमध्ये, १४-२८ बरोबरच १४-३४ सुद्धा मिळतं. त्यात शेवटचं चक्र एकदम मोठं असतं, आधीच्या चक्रावरून उडी जाणवते, पण घाटात तीच उडी हवी असते. मागचा डिरेलर ३४ घेतो का ते आधी बघा. घट्ट बसलेलं जुनं फ्रीव्हील घरी काढायच्या भानगडीत पडू नका, योग्य टूल नसेल तर खाचा झिजतात.

पुढं एकच चक्र असलेली सायकल घेऊ का?

खराब रस्त्यांसाठी, मातीसाठी छान. डांबरावर, सपाटी जास्त आणि घाट अधूनमधून अशा आपल्या वापराला दोन चक्रं बरी.

चढ सुरू होताना गिअर कधी बदलायचा?

चढ लागायच्या आधी. पायांवर पूर्ण जोर असताना पुढचं चक्र बदललं की चेन कडकड करते, अडते, कधी आतल्या बाजूला पडते. तुळजापूर घाटाचं वळण समोर दिसायला लागलं की मागं दोन गिअर जड करा आणि लगेच पुढचं लहान चक्र घ्या. असं केलं की पाय एकदम हवेत फिरत नाहीत. मग चढ वाढेल तसं मागं एकेक हलकं करत जा. बदलायच्या क्षणी अर्धी फेरी पायाचा जोर सोडायचा, मेकॅनिक न भेटताही चेनचं आयुष्य वाढतं.

शेवटचा हलका गिअर राखून ठेवायची एक सवय लोकांना असते. "अजून एक आहे" म्हणून धीर येतो म्हणे. धीर येत असेल तर ठेवा, पण पाय पन्नासच्या खाली गेले असतील तर तो गिअर आत्ताच वापरायचा आहे.

उभं राहून चढलं तर जड गिअर चालतो ना?

पन्नास-शंभर मीटर चालतो. पाठ आणि बूड मोकळं करायला उभं राहणं चांगलंच. पूर्ण घाट उभ्यानं काढायचा तर ठोके वर जातात आणि तिथंच राहतात.

ब्रेव्हेसाठी गिअर वेगळे लागतात का?

एक पायरी हलके. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस तास असतात. वेगाची घाई नसते, पण दोनशेव्या किलोमीटरला लागलेला पाच टक्क्यांचा चढ सकाळच्या आठ टक्क्यांसारखा वाटतो. त्यात दिवे, कपडे, ट्यूब, कडक भाकरी नि शेंगा चटणीचा डबा असं आठ किलो सामान चढलं तर वरच्या उदाहरणातला साडेआठचा वेग पावणेआठवर येतो आणि फेऱ्याही त्याच प्रमाणात पडतात. ३४/३२ वर भागत असेल तर ब्रेव्हेला ३४/३४ घ्या. ४६/३० क्रँक आणि ३४ ची कॅसेट ही जोडी तर अशा कामासाठीच केल्यासारखी आहे. ४६/११ वर नव्वद फेऱ्यांना ताशी सत्तेचाळीस मिळतात, उतारावर त्याहून जास्त हवं कुणाला? तिथं पायडल थांबवून ब्रेककडं लक्ष द्यायचं असतं.

सराव कुठं करू?

तुळजापूर घाट एकदा चढून दर्शन घेऊन परत येण्याऐवजी तोच घाट चार-पाच वेळा खाली-वर करा, बसून, हलक्या गिअरवर. त्याच्या पुढं धाराशिव ओलांडून येडशीपर्यंत जाता आलं तर बालाघाटची आणखी चढउताराची वाट मिळते. कोजागिरीच्या आसपास मात्र हा रस्ता सायकलसाठी विसरा, सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्या भाविकांची गर्दी असते आणि वाहतूकही वळवलेली असते.

दुकानात जाऊन नेमकं काय सांगू?

पुढच्या चक्रांचे दाते, मागच्या चक्रांची संख्या, डिरेलरवरची अक्षरं आणि मॉडेल क्रमांक, हे चार आकडे मोबाईलमध्ये फोटो काढून न्या. "घाटाचा गिअर द्या" म्हणाल तर दुकानात जे शिल्लक असेल ते मिळेल. कॅसेटबरोबर नवी चेन लावून घ्या आणि ती मोठ्या-मोठ्या जोडीवर तपासून घ्या. पैसे देण्याआधी एक फेरी मारून सगळे गिअर वर-खाली करून बघा. काढलेली ११-२८ चांगली असेल तर दुकानात सोडून येऊ नका, पुसून, तेलाचं बोट फिरवून, पिशवीत घालून ठेवा. पुढं वेगाच्या हौसेचा काळ आला तर उपयोगी पडेल.